नानांचे थेंब आणि जावईबापूंची घंटा

नानांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालायचे होते. एवढ्याशा कामासाठी घरात माणूस असतो, भिंतीवर घड्याळ असतं आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो. तरीही जावईबापूंनी त्यासाठी सी भाषेत प्रोग्राम लिहायला घेतला. का घेतला, हे त्या आठवड्यात त्यांना बऱ्याच जणांनी विचारलं, आणि त्यांतली पहिली त्यांची बायको होती.

"मोबाइलवर गजर लाव ना," ती बॅग भरता भरता म्हणाली.

"मोबाइल माझ्या खिशात असतो. मी भाजी आणायला गेलो तर गजर भाजीवाल्याकडे वाजेल. नाना इथे."

"तू भाजीवाल्याकडे असलास तर थेंब कोण घालणार आहे?"

हा मुद्दा जावईबापूंच्या लक्षात आला नव्हता. पण पंचवीसएक वर्षं पगाराचे प्रोग्राम लिहून पोट भरलेल्या माणसाला असले मुद्दे अडवत नाहीत. "तो भाग वेगळा," असं म्हणून ते बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर पुसायला लागले. त्यावर युनिक्स नावाची जुनी कार्यप्रणाली होती, आणि युनिक्सवर जावईबापूंचा जेवढा विश्वास होता तेवढा त्यांनी कुठल्याही नातेवाइकावर कधी ठेवला नव्हता.

बायकोला जाणं भाग होतं. ती ऑडिटर. वडिलांच्या ऑपरेशनसाठी तिनं रजा टाकली होती, ती मंजूरही झाली होती, आणि मग ऐन वेळी कुठल्याशा दूरच्या शाखेची तपासणी निघाली आणि मंजूर झालेली रजा नामंजूर झाली. म्हणजे आठवडाभर घरात दोघंच उरणार: सासरे आणि जावई. दोघंही सज्जन, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचं भयंकर दडपण.

नानांचा बेत ठरलेला होता. लेक परत आली की आपण आपल्या घरी. तिकडे ते एकटेच राहायचे, आणि ऑपरेशनच्या आधी दोनदा जिन्यात पडले होते. त्यांनी आता इथेच राहावं, असं लेकीला वाटत होतं. जावईबापूंना तर तिच्यापेक्षा जास्त वाटत होतं, कारण नाना आल्यापासून घरात संध्याकाळी कुणीतरी दिवा लावून बसलेलं असायचं आणि ते त्यांना फार आवडायला लागलं होतं. पण "नाना, इथेच राहा" हे सरळ तोंडाने म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी प्रोग्राम लिहायचं ठरवलं.

त्यामागे विचार होता. आपल्यामुळे कुणाला उठावं लागू नये, एवढी एकच धास्ती नानांना होती. पाणी हवं असलं तरी ते कुणीतरी आपणहून उठेपर्यंत थांबायचे आणि मग हळूच म्हणायचे, "उठलाच आहात तर जरा भांडंभर पाणी." अशा माणसाला दर दोन तासांनी "थेंबांची वेळ झाली हो" अशी हाक मारायला लावणं म्हणजे त्याला स्टेशनवर सोडून येण्यासारखंच होतं. म्हणून हाक यंत्रानं मारायची, ऐकून जावयानं उठायचं, आणि नानांनी आरामखुर्चीत मान मागे टाकून बसायचं. या घरात राहणं किती बिनत्रासाचं आहे, हे त्यांना आपोआप कळलं असतं.

आता जावईबापूंच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. कुणी हाक मारली की ते निघायचे. म्हणजे हातात जे असेल ते तिथल्या तिथे टाकून निघायचे. एका गालाला साबणाचा फेस तसाच ठेवून त्यांनी आजवर पोस्टमनला, शेजाऱ्यांना आणि एकदा तर साहेबांना दार उघडलं होतं. नळ चालू राहायचा, दूध उतू जायचं, चपलेचा एकच पाय घातलेला असायचा. बायको म्हणायची, "याला हाक मारायच्या आधी गॅसवर काही आहे का बघावं लागतं." जावईबापू याला तत्परता म्हणायचे.

आणि युनिक्समध्ये अगदी अशाच तत्परतेची सोय होती. प्रोग्रामनं यंत्रणेला सांगून ठेवायचं, अमुक वेळानं मला हटक. मग प्रोग्राम आपल्या कामाला लागतो. वेळ झाली की यंत्रणा सिग्नल पाठवते, आणि प्रोग्राम हातातलं काम जिथे असेल तिथे, अगदी अर्ध्या घासावर सोडून, त्या सिग्नलसाठी नेमून दिलेला आपलाच एक छोटा तुकडा, म्हणजे फंक्शन, चालवायला धावतो. ते संपलं की परत मागच्या कामावर. जावईबापूंना ही व्यवस्था कॉलेजात शिकले तेव्हापासून आवडायची. आपल्यासारखं कुणीतरी आहे, असं वाटायचं.

बायकोची टॅक्सी गेली आणि त्यांनी लगेच प्रोग्राम सुरू केला. चाचणीसाठी घंटेची वेळ अगदी थोडी ठेवली. नाना कौतुकानं खुर्ची ओढून बसले.

वेळ झाली. घंटा काही वाजली नाही. पडद्यावर "अलार्म क्लॉक" असे दोन शब्द उमटले आणि प्रोग्राम बंद पडला.

"वाजलं का?" नानांनी विचारलं.

"वाजलं नाही. गेलं."

"अरेरे. कोण?"

"प्रोग्राम हो नाना. सिग्नल आला की काय करायचं, ते त्याला सांगायचंच राहिलं. आणि सांगितलं नसलं की युनिक्समध्ये या सिग्नलला प्रोग्राम मरतो."

"नुसत्या गजरानं?" नानांनी हळू आवाजात विचारलं, आणि आपली खुर्ची कॉम्प्युटरपासून थोडी लांब घेतली.

ते दुरुस्त झालं. मग दुसरं निघालं. थेंब घालून झाले की एंटरचं बटण दाबायचं, अशी सोय जावईबापूंनी केली होती, म्हणजे प्रोग्रामला कळावं की काम झालं. त्यामुळे प्रोग्राम बहुतेक वेळ बटणाची वाट बघत बसलेला असायचा. घंटेचा सिग्नल आला की वाट बघणं मध्येच तुटायचं, आणि वाट बघणारं फंक्शन "मला काही मिळालं नाही" असं सांगत परत यायचं. त्याचा अर्थ प्रोग्रामनं असा घेतला की समोरचा माणूस कायमचा उठून गेला. मग त्यानं सभ्यपणे "धन्यवाद" असं लिहिलं आणि तो संपला. ते "धन्यवाद" जावईबापूंनीच हौसेनं घातलं होतं. "कुणी मध्ये बोललं म्हणून काय वाट बघणं सोडायचं असतं?" असं पुटपुटत त्यांनी, व्यत्यय आला असेल तर पुन्हा वाट बघ, अशी ओळ घातली.

दुसऱ्या दिवशी घंटा व्यवस्थित वाजली. इतकी व्यवस्थित, की इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. ते बरोबर खालच्या मजल्यावर राहायचे, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांचं ऐकणं फार तीक्ष्ण झालं होतं.

"आवाज करणारं यंत्र बसवलंय म्हणे तुम्ही."

"यंत्र नाही हो, प्रोग्राम आहे. सासऱ्यांच्या औषधासाठी."

"नियमात प्रोग्राम असा शब्द नाही. आवाज करणारं यंत्र आहे. अर्ज लागतो, दोन प्रतींत. कमिटी बसेल, मग ठरेल."

"कमिटी बसेपर्यंत डोळा बरा होईल."

"मग अर्ज मागे घ्यायला दुसरा अर्ज," सेक्रेटरी म्हणाले. पण माणूस मनाचा चांगला होता. आत येऊन त्यांनी नानांची विचारपूस केली, स्वतःच्या दोन्ही मोतीबिंदूंची हकिगत तपशिलात सांगितली आणि जाता जाता यंत्राकडे पाहून सल्ला दिला. "नुसती घंटा काय कामाची? पडद्यावर मोठं घड्याळ दाखवा. माणसाला वेळ दिसली की धीर राहतो. आणि खरं सांगू का, मोबाइलवर गजर लावला असतात ना..."

जावईबापूंनी त्यांना दारापर्यंत पोचवलं.

घंटेचं ऐकून वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईही आल्या. घंटा कर्कश आहे, आजारी माणसाला सूर द्यावा, असं त्यांचं मत पडलं. बसल्या बसल्या त्यांनी तीन धुना गुणगुणून दाखवल्या. नानांना तिन्ही आवडल्या. कोणती ठेवू, असं विचारल्यावर ते म्हणाले, "तुम्हाला सोपी पडेल ती." म्हणून जावईबापूंनी तिन्ही ठेवल्या.

त्या दुपारी प्रोग्रामनं बाळसं धरलं. पडद्यावर हातभर आकड्यांचं घड्याळ आलं. सेकंद कसे अलगद सरकायला हवेत, म्हणून प्रोग्राम अखंड "किती वाजले, किती वाजले" असं विचारत आकडे रंगवत बसायचा. आणि सिग्नल आल्यावर धावणाऱ्या त्या छोट्या फंक्शनमध्ये जावईबापूंनी अख्खा संसार कोंबला. त्यानं आधी किती वाजले ते विचारायचं, त्यावरून धून निवडायची, फाइलमध्ये नोंद करायची, पडद्यावर निरोप लिहायचा आणि मग वाजवायचं. "एकदा धावलाच आहे तर सगळं करूनच येईल," ते नानांना म्हणाले. डाव्या डोळ्याच्या धुक्यातूनही नानांना ते आकडे दिसत होते. "छान झालंय हो," ते म्हणाले, आणि जावईबापूंना पगारवाढ झाल्यासारखं वाटलं.

रात्री बायकोला फोनवर त्यांनी हे सगळं रंगवून सांगितलं. "नाना खूश आहेत," ते म्हणाले. "राहतील बघ." ती म्हणाली, "थेंब वेळेवर पडू देत म्हणजे झालं."

पण माणसांचं काही प्रोग्रामवर चालत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू आतल्या खोलीत ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होते, स्वयंपाकघरात दूध तापत होतं, आणि बाहेर वाऱ्यानं खिडकी आपटायला लागली. नानांनी अगदी हलक्या आवाजात हाक मारली, "जावईबापू, सवडीनं जरा ही खिडकी."

'सवडीनं' हा शब्द जावईबापूंपर्यंत पोचलाच नाही. साहेब बोलत होते ते वाक्य अर्ध्यावर सोडून ते उठले, कानातल्या वायरीसकट निघाले, वायरीनं पाण्याचा ग्लास पाडला, आणि खिडकी लावेपर्यंत स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. आत मीटिंगमधल्या बारा माणसांना एक रिकामी खुर्ची सावकाश गोल फिरताना दिसत होती. साहेबांचा आवाज बाहेर ऐकू येत होता, "आहात का? अहो, आहात का?" जावईबापू एका हातात फडकं आणि एका हातात वायर घेऊन परत धावले. नानांनी ते सगळं ऐकलं. त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही.

दुपारी पुन्हा मीटिंग लागली, आणि ती लांबली. जावईबापू मनातून निवांत होते, कारण घंटा वाजेल तेव्हा उठायचं एवढंच काम होतं, आणि घंटा वाजली नव्हती. मीटिंग संपवून आळस देत ते बाहेर आले तेव्हा पडद्यावर पावणेदोन वाजले होते. सेकंदाचे आकडे हलत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होऊन गेले होते.

नाना खुर्चीत सरळ बसून होते. डोळा लाल झाला होता आणि गालावरून पाणी ओघळत होतं. ते रुमालानं टिपत ते म्हणाले, "झाली का मीटिंग? चहा घ्याल ना?"

टॅक्सी मिळेपर्यंत जावईबापूंनी किती वेळा वर-खाली केलं, ते त्यांनाही आठवत नाही. डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, पुन्हा तपासला. त्यांच्या त्या छोट्या दिव्याचा उजेड नानांच्या डोळ्यात फिरत होता, आणि बाजूच्या स्टुलावर जावईबापू हातात थेंबांची बाटली घट्ट धरून बसले होते. बायकोनं बापाचा डोळा आपल्यावर सोपवला होता आणि आपण तो एका यंत्रावर सोपवला, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

"थोडी सूज आहे, उतरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण या आठवड्यात चुकवायचं नाही. काय झालं, आठवण करायला कुणी नव्हतं का घरी?"

जावईबापूंनी तोंड उघडलं. पण नाना आधी बोलले. "होते की. माझाच डोळा लागला होता. त्यांनी दोनदा उठवलं, मीच ऐकलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "आणि डाव्या डोळ्याचं काय ठरलं? तोही आता पिकलाय. महिनाभरात करून टाका. पण तेव्हाही घरात कुणीतरी सोबत लागेल."

"बघू," नाना म्हणाले. "आधी मी माझ्या घरी जातो, मग बघू." बघू म्हणजे नाही, हे तिघांनाही समजलं.

परतीच्या टॅक्सीत जावईबापू म्हणाले, "नाना, तुमचा डोळा लागला नव्हता."

"नव्हता."

"घड्याळ बंद पडलंय, हे कळलं होतं?"

"मघाशी ऊन पायाशी होतं, ते भिंतीवर चढलं. तेवढं दिसतं हो मला."

"मग हाक का नाही मारली?"

नाना रुमालाची घडी घालत राहिले. "तुम्हाला हाक मारली की तुम्ही धावता," ते म्हणाले. "आणि मागे काहीतरी सांडतं. सकाळी तुमचे साहेब तुम्हाला शोधत होते. एवढं आपल्यासाठी धावणारं माणूस मिळणं भाग्याचं आहे, जावईबापू, मला कळतं ते. पण मग हाक मारायचा धीर होत नाही."

जावईबापूंना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही, कारण लपवायला रुमाल लागतो आणि तो घरी राहिला होता. नानांनी आपला पुढे केला.

त्या संध्याकाळी घंटा मोबाइलवर लागली. जावईबापूंनी ती निमूटपणे लावली आणि पुढचे थेंब वेळेवर पडले. मग, नाना जेवून बसल्यावर, त्यांनी बंद पडलेल्या प्रोग्रामचं पोट उघडून पाहिलं. प्रोग्राम मेला नव्हता. तो उभ्या उभ्या अडकला होता. कोण कुणाला बोलावून गेलं, याची उतरंड दाखवणारं एक साधन युनिक्समध्ये असतं. त्यात खाली एक नाव होतं, त्यावर सिग्नलचं फंक्शन होतं, आणि त्यावर पुन्हा तेच खालचं नाव.

"हे बघा नाना," ते म्हणाले. नाना उठून जवळ आले. त्यांना अक्षरं दिसत नव्हती, पण ते अक्षरांच्या दिशेनं बघत राहिले. "किती वाजले ते नीट तारीख-वेळ करून सांगणारं हे फंक्शन आहे. ते काम करताना आतून कडी लावतं, म्हणजे दुसऱ्या कुणी मध्येच येऊन गोंधळ करू नये. आपला प्रोग्राम आत गेला, कडी लावली, आणि नेमका तेव्हा सिग्नल आला. तो हातातलं टाकून धावला. धावून काय केलं, तर किती वाजले ते विचारायला पुन्हा त्याच दारावर गेला. दार आतून बंद. कडी काढणार कोण? तोच. आणि तो तर बाहेर उभा."

"म्हणजे न्हाणीघरात आपणच, आणि दारावर थापा मारणारेही आपणच," नाना म्हणाले.

"तसंच."

"कुणी सांगितलं त्याला अर्ध्यातून धावायला?"

जावईबापूंनी बायकोला फोन लावला आणि दुपारपासूनचं सगळं सांगितलं, डोळ्याचं आधी. ती पहिल्यांदा घाबरली, मग रागावली, मग तिनं नानांशी बोलून घेतलं आणि थोडी निवळली. प्रोग्रामचं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तू तुझ्यासारखाच लिहिलायस की रे तो."

"आता काय करू?"

"ते मला काय विचारतोस? इतकी माणसं इतकी वर्षं घरोघरी काय करतात? कुणी बोलावलं की 'आलो' म्हणतात. म्हणतात, आणि हातातलं संपवतात. मग येतात. तू कधी म्हणतच नाहीस. तू थेट येतोस."

युनिक्सच्या जाणत्यांनीही नेमकं हेच सांगून ठेवलेलं आहे, आणि जावईबापूंनी ते कॉलेजात परीक्षेपुरतं पाठही केलं होतं. सिग्नलच्या फंक्शननं काहीच करायचं नाही. एक खूण तेवढी वर करायची, म्हणजे 'आलो' म्हणायचं, आणि गप्प परत फिरायचं. मुख्य प्रोग्रामनं हातातलं काम संपवून, कडी काढून, बाहेर येऊन, त्या खुणेकडे बघायचं. खूण वर असेल तर ती खाली करायची आणि मग निवांतपणे धून, नोंद, निरोप, काय हवं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळा संसार त्या छोट्या फंक्शनमधून बाहेर काढला. आत एकच ओळ उरली. ती इतकी रिकामी दिसत होती की त्यांना वाईट वाटलं. सेकंदाला शंभरदा वेळ विचारणंही बंद केलं. खूण बघायची, नसेल तर सेकंदभर झोपायचं. त्यातही एक गोम निघाली. खूण नाही असं बघून प्रोग्राम झोपायला वळला, आणि बघणं नि झोपणं यांच्या मधल्या फटीत खूण वर झाली, तर ती न बघताच तो झोपायचा आणि घंटेला सेकंदभर उशीर व्हायचा. त्यावर उपाय असा की बघताना सिग्नलला दाराबाहेर थांबवायचं, आणि झोपणं व दार उघडणं या दोन गोष्टी एकाच झटक्यात करायच्या. युनिक्समध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे. ज्या कुणी ती केली त्याच्या घरी म्हातारं माणूस असणार, असं जावईबापूंना वाटलं.

प्रोग्राम सुधारला. माणूस राहिला.

"नाना, मला हाक मारा," ते म्हणाले.

"कशाला?"

"सराव करायचाय."

"काम असल्याशिवाय कशी मारू?"

"असंच."

नाना फार संकोचले. दोनदा घसा साफ करून त्यांनी अगदी चोरट्या आवाजात "जावईबापू" म्हटलं. जावईबापू आत कांदा चिरत होते. सुरी टाकून ते दारापर्यंत पोचलेही. "आलात की," नाना म्हणाले. पुन्हा. या वेळी ते ओट्याला धरून उभे राहिले, पाय आपोआप वळत होते. "आलो," असं त्यांनी म्हटलं, आणि उरलेला अर्धा कांदा चिरला. एवढा लांबलचक कांदा त्यांनी जन्मात चिरला नव्हता. बाहेर आले तेव्हा नाना हसत होते. "डोळ्यातून पाणी येतंय तुमच्या. थेंब घालू का?"

दुपारच्या मीटिंगमध्ये नानांनी खरंच हाक मारली. जावईबापू जागचे न हलता "आलो, नाना" असं म्हणाले, पण माइक चालू राहिला होता. "कोण आलं?" साहेबांनी विचारलं. जावईबापूंनी सांगितलं, सासरे आहेत, एवढा मुद्दा संपवून जातो. साहेब म्हणाले, "जाऊन या हो." मुद्दा संपवून ते गेले. नानांना फक्त पडदा सरकवून हवा होता. काही सांडलं नाही. त्या दिवसापासून नाना दिवसातून दोनदा, मग चारदा हाक मारायला लागले, आणि एकदा तर नुसतं, आज गाण्याच्या बाई लवकर सुरू झाल्या, एवढं सांगायला. डोळ्याची लाली उतरली. सेक्रेटरींचा कमिटीचा निरोप आला, की विषय पुढच्या बैठकीत घेऊ. घंटा मात्र एकदाही चुकली नाही. पडद्यावरचं घड्याळ जरा धक्के देत चालत होतं, पण चालत होतं.

बायको परतली त्या सकाळी तिनं आल्या आल्या नानांचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि डोळा बघितला. मग चहा झाला. आपला कप घेऊन जावईबापू आतल्या खोलीत गेले, कारण ऑफिसचं एक काम अर्ध्यावर होतं. बायको नानांजवळ बसली. तिनं मनाची तयारी करून विचारलं, "मग नाना, कधी जायचं म्हणताय घरी? मी सोडायला येते."

नानांनी आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "जावईबापू."

सवयीनं बायकोनं स्वयंपाकघराकडे, गॅसवर काही आहे का, ते बघितलं.

"आलो," आतून आवाज आला. कुणी आलं नाही. काही पडलं नाही. बायको दाराकडे बघत राहिली.

"येतील," नाना म्हणाले. "हातातलं होऊ दे त्यांचं."

थोड्या वेळानं जावईबापू चहाचा कप सांभाळत बाहेर आले आणि समोर बसले. "काय नाना?"

"काही नाही. ही विचारतेय, घरी कधी जायचं. मी म्हटलं, तुम्हाला विचारून सांगतो. तो डावा डोळा राहिलाय ना. तो इथूनच करावा म्हणतो. तुम्हाला चालेल का?"

बायकोनं पदराशी काहीतरी चाळा केला आणि ती खाली बघायला लागली. जावईबापूंना एकदम पुष्कळ बोलायचं होतं. त्यांतलं एकही वाक्य जुळेना. "चालेल," ते म्हणाले. "नाना, इथेच राहा. डोळ्यापुरतं नाही. राहा."

नानांनी मान हलवली. मग, आवाज सावरायला म्हणून की काय, ते म्हणाले, "मग तुमच्या त्या यंत्रात डाव्या डोळ्याची सोयही करावी लागेल."

"करतो की," जावईबापू म्हणाले आणि उठलेच. कप तिरपा झाला, बशीत चहा आला, एक पाय चपलेत गेला.

नानांनी हात धरून त्यांना खाली बसवलं. "बसा हो," ते म्हणाले. "महिनाभर आहे अजून. आधी तो चहा संपवा."

जावईबापू बसले आणि त्यांनी चहा संपवला.